तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर : मुलांसाठी रेटिंग स्केल बनवतानाचा अनुभव

मी ठाण्यात शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आणि गेली काही वर्षं त्याच्या जोडीला एका छोट्या टीममध्ये आठ ते बारा वर्षांच्या मराठी घरांतल्या मुलांसाठी एक्झिक्युटिव्ह फंक्शनचं रेटिंग स्केल, म्हणजे मूल रोज कसं वागतं यावर पालक-शिक्षकांनी खुणा करायचा फॉर्म, बनवतेय. बरेच जण विचारतात की यात एवढं काय, प्रश्न लिहायचे आणि फॉर्म वाटायचे ना. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणजे काय ते सांगते. ही हुशारी नाही. मुलाला गणित येतं पण वही उघडून बसायलाच पाऊण तास जातो, उत्तर माहीत असतं पण बाईंचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत ते ओरडून मोकळं होतं, तीन कामं सांगितली तर एक होतं आणि बाकीची दोन वाटेत कुठेतरी राहतात. स्वतःला थांबवणं, माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करणं आणि गरज पडली की एका गोष्टीवरून दुसरीवर वळणं, असे तीन मुख्य भाग सहसा धरतात. २००० साली मानसशास्त्रज्ञ मियाके आणि सहकाऱ्यांनी १३७ कॉलेजच्या मुलांवर केलेल्या कामात हे तिन्ही भाग एकमेकांशी जोडलेले पण तरीही वेगळे दिसले होते, आणि तेव्हापासून या विषयावरचं बरंचसं लिखाण तिथूनच सुरू होतं. माझ्याकडे मात्र मुलं येतात ती "लक्ष नाही", "आळशी आहे", "मुद्दाम करतो" अशी चिठ्ठी घेऊन. एकदा आळशी म्हटलं की पुढे काही शोधायची गरजच उरत नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

मग सरळ टेस्ट का नाही घ्यायची? घेतोही. स्ट्रूप आहे, शब्द न वाचता त्याच्या शाईचा रंग सांगायला लावणारी, १९३५ पासूनची, पत्ते वेगळे करायला लावणारी विस्कॉन्सिन टेस्ट आहे, १९४८ ची. पण विचार करा, शांत खोली, समोर एक मोठं माणूस, एका वेळी एकच काम, आणि "आता हे कर, आता थांब" हे सांगणाराही तोच मोठा माणूस. म्हणजे जे मुलाला जमत नाही तेच आपण त्याच्या वतीने करून टाकतो आणि मग मूल छान मार्क मिळवतं. २०१३ मध्ये टोपलाक, वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी २० अभ्यास एकत्र करून पाहिलं तर टेस्टचे मार्क आणि पालक-शिक्षकांनी भरलेली रेटिंग यांच्यातल्या संबंधाचा मध्यक जेमतेम ०.१९ निघाला (१ म्हणजे पूर्ण जुळणं, ० म्हणजे काहीच संबंध नाही). काही जण यावरून म्हणतात की रेटिंग म्हणजे नुसती मतं, टाकून द्या. त्या लेखकांचं म्हणणं वेगळं होतं आणि मला ते पूर्ण पटतं, की टेस्ट सांगते मूल चांगल्यात चांगलं काय करू शकतं, आणि रेटिंग सांगते रोजच्या गडबडीत प्रत्यक्षात काय करतं. मला शाळेत मदत करायची असते ती दुसऱ्या गोष्टीत.

तयार स्केल आहेत. सगळ्यात जास्त वापरलं जातं ते ब्रीफ, जिओया, इस्क्विथ, गाय आणि केनवर्दी यांचं, २००० सालचं. त्या मूळ आवृत्तीत ८६ वाक्यं, आठ उपविभाग, पालकांचा फॉर्म वेगळा आणि शिक्षकांचा वेगळा. त्यात टी-स्कोअर काढतात, सरासरी ५०, आणि ६५ च्या वर गेलं की लक्ष द्या म्हणतात. पण ती ५० कुणाची सरासरी? १४१९ अमेरिकन पालक आणि ७२० अमेरिकन शिक्षकांनी भरलेल्या फॉर्मची. किसननगरच्या चाळीतल्या मुलाला त्या ५० शी ताडून "क्लिनिकल रेंज", म्हणजे तज्ज्ञाला दाखवावं इतकी अडचण, असा रिपोर्ट हातात आला की मला खरंच राग येतो, कारण ती आई तो कागद फाइलमध्ये जपून ठेवते आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवते. थोरेल आणि नायबर्ग यांचं चेक्सी नावाचं स्वीडिश स्केल आहे, २००८ चं, २४ वाक्यांचं, संशोधनासाठी मोफत मिळतं, ते आम्ही तुलनेसाठी सोबत ठेवलं. पण आपली वाक्यं आपल्या घरांतून यावीत एवढं आमचं पक्कं होतं.

त्यामुळे सुरुवात टेबलावर बसून वाक्यं लिहिण्यापासून केलीच नाही. किसननगर, कळवा, नौपाडा, घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये आयांचे छोटे छोटे गट केले आणि "तुमच्या मुलाचं लक्ष कसं आहे" असं न विचारता फक्त "कालचा दिवस सांगा, उठल्यापासून" एवढंच विचारलं. लक्षाबद्दल विचारलं की मुलाची तक्रार किंवा मुलाची बाजू सुरू होते, दिवस सांगा म्हटलं की खरं बाहेर येतं. पाणी यायची वेळ, दप्तर, क्लास, रिक्षावाल्या काकांचा हॉर्न आणि मुलगा अजून एकाच मोज्यात. त्यातलंच एक वाक्य पहिल्या दिवसापासून सगळ्यांचं लाडकं झालं, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायला सांगितलं तर विसरतं." बघा ना किती सुंदर वाक्य आहे, सूचना लक्षात ठेवायची, टीव्ही बघता बघता शिट्ट्या मोजत राहायचं, तिसरी झाली की हातातलं सोडून उठायचं आणि जाऊन ते काम करायचं, सगळं एक्झिक्युटिव्ह फंक्शन एका कुकरमध्ये आलं. आणि हे सांगितलं जात नाही असं मराठी घर शोधूनच काढावं लागेल असं आम्हाला वाटत होतं.

मग वाक्यं तज्ज्ञांकडे गेली, बालमानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, शाळेतल्या अनुभवी बाई असे दहा जण. इथे लॉशी यांची १९७५ ची पद्धत वापरतात, प्रत्येक तज्ज्ञाने वाक्य "आवश्यक आहे" की नाही एवढं सांगायचं आणि त्यावरून गुणोत्तर काढायचं, हो म्हणणाऱ्यांतून बाकीचे वजा करून एकूण तज्ज्ञांनी भागायचं. दहा तज्ज्ञ असतील तर ते किमान ०.६२ लागतं, आणि गंमत म्हणजे दहापैकी आठ जण हो म्हणाले तरी ते ०.६० च येतं, म्हणजे नऊ जणांचा होकार लागतो. आमची काही चांगली वाक्यं तिथे गळाली. शिट्ट्यांचं वाक्य मात्र दहाच्या दहा जणांनी उचलून धरलं.

यानंतरचा टप्पा माझ्या मते या अख्ख्या कामाचा प्राण आहे आणि वेळ नाही म्हणून लोक नेमका हाच गाळतात. फॉर्म आईच्या हातात द्यायचा आणि ती एकेक वाक्य वाचून खूण करताना तिला मोठ्याने विचार करायला सांगायचं, खूण कुठे केली त्यापेक्षा का केली ते ऐकायचं. कळव्यात रेल्वेलाइनच्या बाजूच्या वस्तीत एका ताईंच्या घरी बसले होते, एकच खोली, पाच माणसं, शिवणाचं मशीन दारात. वाक्य होतं "आपल्या वस्तू जागेवर ठेवत नाही." असं वाक्य बऱ्याच स्केलमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात असतं, आमच्या तज्ज्ञांनीही पास केलेलं. ताईंनी वाचलं, पेन हातात तसंच धरून खोलीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, जागा कुठली लिहू? दिवसा त्याची पुस्तकं पलंगावर असतात, रात्री पलंगावर सासरे झोपतात म्हणून पुस्तकं मशीनखाली, सकाळी मला मशीन लागतं म्हणून परत फळीवर. पोरगं बिचारं विचारतंच मला, आई आज माझी वही कुठंय." आणि मग त्यांनी "बऱ्याचदा" वर खूण केली, कारण फॉर्म तेच विचारत होता.

त्या मुलाला त्या वाक्यात पूर्ण मार्क लागले असते, म्हणजे अडचण जास्त असा निष्कर्ष, आणि खरं तर रोज बदलणाऱ्या जागा लक्षात ठेवून तो मुलगा शाळेत वेळेवर पोचत होता. ते वाक्य घराचं क्षेत्रफळ मोजत होतं. आम्ही ते काढलं आणि त्याऐवजी "निघायच्या वेळी आवश्यक वस्तू सापडत नाही म्हणून गोंधळ होतो" असं केलं, तर नौपाड्यातल्या एका आई म्हणाल्या, होतच नाही गोंधळ, दप्तर मीच भरते ना. मुलगा सहावीत. म्हणजे तिथे आईचं एक्झिक्युटिव्ह फंक्शन मोजलं जात होतं, मुलाचं नाही. शेवटी "कुणी आठवण करून दिली नाही तर" हे शब्द बऱ्याच वाक्यांच्या सुरुवातीला आले. वाक्यं लांब झाली, वाचायला जड झाली, पण त्याशिवाय इलाज नव्हता.

शिट्ट्यांच्या वाक्याचं काय झालं तेही सांगते. मोठ्या गटाचे फॉर्म आले तेव्हा मुलींच्या फॉर्ममध्ये त्या वाक्यावर "विसरते" च्या खुणा जास्त दिसल्या, बाकी सगळ्या वाक्यांवर त्याच पातळीवर असलेल्या मुलग्यांपेक्षा जास्त. याला डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग म्हणतात, म्हणजे क्षमता सारखी असूनही एखादं वाक्य एका गटाला वेगळं वागवतं. पुन्हा घरोघरी विचारल्यावर कारण कळलं आणि ते कळल्यावर फार वाईट वाटलं. मुलग्याला गॅस बंद करायला सांगतच नाहीत. मग आई काय खूण करणार, "कधीच विसरत नाही". सांगितलंच नाही तर विसरणार कसं? घोडबंदरच्या बाजूला तर अनेक घरी स्वयंपाकाला मावशी येतात, तिथे मुलगा काय आणि मुलगी काय, कुकरशी संबंधच नाही. म्हणजे जिला काम सांगितलं जातं ती मुलगी कमी पडल्यासारखी दिसते आणि जो सोफ्यावर बसलेला असतो तो उत्तम. ते वाक्य काढायला टीममध्ये कुणाचंच मन होत नव्हतं, पण काढलं. त्यातून एक चांगलं झालं, आता फॉर्ममध्ये प्रत्येक वाक्यापुढे "असं काम सांगायची वेळ येत नाही" हा वेगळा रकाना आहे, आणि तिथली खूण चांगल्या मार्कांत मोजली जात नाही.

यात एक ओढाताण कायम राहते. वाक्य जितकं ठसठशीत, कुकर, दुकान, दप्तर, तितकं आईला पटकन कळतं पण तितकी घरं त्यातून बाहेर पडतात. आणि "सांगितलेलं काम करायला उठतं पण मधेच दुसऱ्याच गोष्टीत अडकतं" असं सर्वसाधारण लिहिलं की सगळ्या घरांना बसतं पण प्रत्येक आई डोक्यात वेगळं चित्र आणते. आम्ही दुसऱ्या बाजूला झुकलो. दुसरं कुणी करेल तर कदाचित पहिल्या बाजूला झुकेल, आणि ते चूक असेल असं मी म्हणणार नाही.

खुणांचे पर्यायही तसेच. नुसतं "कधी कधी" आणि "बऱ्याचदा" ठेवलं तर दोन मुलांची आई धाकट्याला थोरल्याशी ताडून उत्तर देते. म्हणून "आठवड्यातून एखाद वेळा", "जवळपास रोज" असे पर्याय केले. ब्रीफमध्ये गेले सहा महिने आठवायला सांगतात, आमच्या आयांना सहा महिने म्हटलं की परवाची युनिट टेस्ट आठवायची, मग गेला एक महिना असं केलं. पुन्हा तोच फॉर्म दोन आठवड्यांनी भरून घेतात, उत्तरं टिकतात का बघायला, ते मधे गणपती येणार नाहीत असं बघून ठरवलं, कारण गणपतीत मुलाचं झोपणं, उठणं, अभ्यास सगळंच वेगळं असतं आणि मग फरक पडला तो फॉर्ममुळे की मोदकांमुळे ते सांगता येत नाही.

फॉर्म भरायचा कुणी हाही प्रश्नच होता. आई सकाळची लोकल पकडून गेली की संध्याकाळी साडेसातला दारात, शाळा सुटल्यापासूनचं मूल आजीचं. आजींना फॉर्म वाचून दाखवला तर त्या इतकं बारीक सांगतात की थक्क व्हायला होतं, जेवणानंतर कितीदा हाका मारल्या, अभ्यासाला बसताना आधी पेन्सिलला टोक मग पाणी मग शू. म्हणून मूल कुणाजवळ किती तास असतं हे आम्ही पहिल्याच पानावर विचारतो आणि जास्त तास ज्यांचे त्यांनी भरायचा. फॉर्म भरताना सासूबाई किंवा नवरा बाजूला बसला असेल तर उत्तरं बदलतात हेही दिसलं, तेव्हा शक्यतो शाळेतच एक बाक मोकळा करून भरून घ्यायला लागलो. संमतीपत्र वगैरे आलंच, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सात ते बारा वयाच्या मुलाचा तोंडी होकारही लागतो, आणि मला ते आवडतं, मुलं फार गंभीरपणे "हो चालेल" म्हणतात. आयांची भीती एकच, याने शाळेतून काढणार तर नाही ना. ते प्रत्येक वेळी शांतपणे समजावून सांगावं लागतं.

शिक्षकांकडून फॉर्म घेताना वेगळंच. पन्नासच्या आसपास मुलांचा वर्ग, वर इलेक्शन ड्युटी, सर्व्हे, आणि त्यात आमचे फॉर्म. बाई बिचाऱ्या ऑफ तासाला स्टाफरूममध्ये बसून एका दमात भरणार, मग गठ्ठ्यात काही फॉर्म असे येतात की वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात सरळ रेघ. यात बाईंचा काही दोष नाही. एका गुणावरून बाकीचे सगळे गुण ठरवायची माणसाची सवय थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवली होती. मूल शांत असेल तर बाईंच्या फॉर्मवर ते सगळ्याच बाबतीत चांगलं. आम्ही मग एका शिक्षकाकडे मोजकीच मुलं, तीही हजेरीपटावरून चिठ्ठ्या काढून, असं केलं.

आकडेमोडीचं थोडक्यात सांगते. आम्ही वाक्यं लिहिताना पाच विभाग मनात धरले होते. फॅक्टर ॲनालिसिसमध्ये, म्हणजे कुठली वाक्यं एकत्र चालतात ते आकड्यांतून बघताना, किती घटक धरायचे याला हॉर्न यांची १९६५ ची पॅरलल ॲनालिसिस नावाची पद्धत वापरली, आणि ठामपणे उभे राहिले ते दोनच, स्वतःला थांबवणं आणि डोक्यात धरून ठेवणं, चेक्सीसारखेच. टीममध्ये एकदोघांना पाच विभागांचा सुंदर आलेख हवा होता. माझं मत स्पष्ट आहे, जे आकड्यांत उभं राहत नाही त्याला नाव देऊन रिपोर्टमध्ये छापू नये, कारण समोर बसलेला पालक ते नाव खरं मानतो. स्केलमधली वाक्यं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा अल्फा नावाचा आकडा, क्रॉनबाखचा, १९५१ चा, त्यावरही लोक फार भाळतात. तेच वाक्य चार प्रकारे लिहिलं की अल्फा आपोआप वर जातो, त्याने स्केल चांगलं होत नाही. आणि एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान झालेल्या मुलांना जास्त मार्क मिळाले म्हणजे व्हॅलिडिटी, म्हणजे स्केल जे मोजायचं तेच मोजतं हे, सिद्ध झालं, हाही दावा जपून करायला हवा. "लक्ष पटकन उडतं", "वस्तू हरवतं" ही वाक्यं निदानाच्या निकषांतही आहेत आणि स्केलमध्येही, मग दोन्ही जुळले यात नवल काय? अशी वाक्यं बाजूला ठेवून उरलेल्यांनी फरक दिसतो का ते आम्ही वेगळं तपासलं, तो दिसला, पण कमी, आणि तेच आम्ही लिहिलंय.

सगळ्यात जास्त वाद झाला तो आई आणि बाई यांच्या न जुळणाऱ्या उत्तरांवर. हे नवं नाही, १९८७ मध्ये आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास तपासले तेव्हा आई-वडील एकमेकांशी बरेच जुळायचे, ०.६० च्या आसपास, पण पालक आणि शिक्षक अशी वेगळ्या ठिकाणची माणसं असली की ०.२८. टीममध्ये सूचना आली की दोघांची सरासरी घेऊन एकच मार्क द्यावा, शाळांना सोपं जाईल. मी त्याला शेवटपर्यंत विरोध केला. माझ्यासमोर पाचवीतल्या एका मुलीचे दोन फॉर्म होते. बाईंचा फॉर्म जवळपास कोरा, कसलीच अडचण नाही. आईचा फॉर्म रोज, रोज, रोज. वर्गात जाऊन बसले तेव्हा ती मुलगी खिडकीजवळच्या बाकावर एकदम शांत होती, फळ्यावरचं उतरवून घेत होती, आणि जवळ जाऊन वहीत बघितलं तर प्रत्येक ओळ अर्ध्यात थांबलेली, बाईंनी फळा पुसला की तिथेच सोडून पुढचं सुरू. घरी गेल्यावर आई शेजारच्या मुलीची वही मागून आणून रात्री दहापर्यंत सगळं पूर्ण करून घ्यायची. दोघीही खरं सांगत होत्या. सरासरी काढली असती तर मार्क मधे कुठेतरी "ठीक आहे" मध्ये पडला असता आणि ती मुलगी आमच्या हातून निसटली असती. कुठे जमतंय आणि कुठे नाही, कुणाच्या मदतीने जमतंय, हे त्या दोन फॉर्ममधल्या फरकातच दिसतं.

आता छापील रिपोर्टमध्ये घर आणि शाळा असे दोन वेगळे रकाने आहेत, एकत्र बेरीज कुठेच नाही, आणि फरक ठरावीक मर्यादेच्या वर गेला की समुपदेशकाने वर्गात जाऊन बसावं अशी सूचना तिथेच लिहिलेली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ऐरोली-घणसोलीच्या सेमी इंग्रजी शाळांमध्ये फॉर्म जातील, कारण आत्तापर्यंतची सरासरी ठाणे शहरातल्या मुलांची आहे आणि ती नवी मुंबईत तशीच लावता येणार नाही. ग्रामीण भागाचं, शहापूर-मुरबाडचं काम तर अजून सुरूही नाही. तोवर आमचा फॉर्म कुणी समुपदेशक वापरणार असतील तर आईशी आणि बाईंशी बोलणं सुरू करायला जरूर वापरा, पण कट-ऑफ (ठरावीक आकड्याच्या वर गेलं की अडचण, अशी रेघ) लावून मुलाच्या फाइलमध्ये निदानासारखा आकडा टाकू नका.